वरचा मजला की दुसरा फ्लॅट?

निवृत्तीचा महिना जवळ आला की आपल्याकडच्या घरांत एक ठराविक चर्चा सुरू होते. फंड आणि ग्रॅच्युइटी हातात येणार असते. मुलगा पुण्याला किंवा बेंगळूरला स्थिरावलेला असतो. शेजारच्यांनी वर दोन खोल्या चढवून बिऱ्हाडे ठेवलेली असतात आणि महिन्याच्या महिन्याला त्यांच्या हातात काहीतरी पडते, हे आपण रोज बघत असतो. मग प्रश्न येतो, आपणही वरचा मजला चढवावा की सरळ एखादा फ्लॅट घेऊन भाड्याने लावावा? गेल्या दोन महिन्यांत या सदराच्या चार वाचकांनी मला हेच विचारले. एक वडगावचे, दोघे टिळकवाडीचे आणि एक भगिनी खानापूरच्या. चौघांना चार पत्रे लिहिण्यापेक्षा इथेच लिहितो.

उत्तर आधीच सांगून टाकतो. जागा आपली असेल, पाया भक्कम असेल आणि कर्ज काढावे लागणार नसेल, तर वरचा मजला बांधा. 'भाड्यातून हप्ता फिटेल' या भरवशावर दुसरा फ्लॅट मात्र घेऊ नका. आता हिशेब.

समजा, फ्लॅट चाळीस लाखांचा आहे आणि भाडे महिना दहा हजार येते. भाग, मजला, रस्ता यांप्रमाणे आकडे बदलतील, हिशेबाची रीत तीच. वर्षाचे झाले एक लाख वीस हजार. पण भाड्याचे वर्ष बारा महिन्यांचे नसते. एक बिऱ्हाड गेले, दुसरे येईपर्यंत रंग, नळ, कडी-कोयंडा यांत तीन-चार आठवडे सहज जातात. माझ्या घराच्या वरच्या दोन बिऱ्हाडांचा हिशेब मी चोवीस वर्षे वहीत लिहितो आहे. दोन्हीकडचे बारा महिन्यांचे भाडे पूर्ण जमा झाले, अशी वर्षे त्यात निम्म्याहून कमी आहेत. तेव्हा अकरा महिने धरा, म्हणजे एक लाख दहा हजार. त्यातून अपार्टमेंटचा देखभाल खर्च, घरपट्टी, किरकोळ दुरुस्ती आणि चार-पाच वर्षांतून एकदा होणाऱ्या रंगाचा वार्षिक वाटा मिळून पंचवीस हजार वजा करा. उरले पंच्याऐंशी हजार. चाळीस लाखांवर हे सव्वादोन टक्केसुद्धा होत नाही. नोंदणीचा खर्च मी यात धरलेलाच नाही.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा व्याजदर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला आणि ठेवीची मर्यादा त्याच वर्षी पंधरा लाखांवरून तीस लाखांवर गेली. त्या दराने तीस लाखांवर वर्षाला दोन लाख सेहेचाळीस हजार रुपये मिळतात, आणि तेही पोस्टाच्या खिडकीवर, कुणाचा नळ दुरुस्त न करता. फ्लॅटची किंमत वाढते हे खरे. पण ती वाढ विकल्याशिवाय हातात येत नाही, आणि आपल्या पिढीतला माणूस घेतलेले घर सहसा विकत नाही.

यात कर्ज आले की चित्र आणखी बिघडते. वीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले तर हप्ता सतरा हजार साडेतीनशेच्या आसपास बसतो. निवृत्त माणसाला बँक एवढी मुदत देत नाही, म्हणून कर्ज मुलाच्या नावावर निघते. खर्च वजा जाता भाडे महिन्याला सात हजार उरले, हप्ता सतरा हजारांचा. उरलेले दहा हजार बेंगळूरला राहणारा मुलगा भरतो. तो तिकडे स्वतःच घरभाडे देत असतो, आणि सूनबाई काही बोलत नसली तरी महिन्याचा हिशेब तिला कळत असतो. घर घेऊन घरात अबोला आणायचा, हा व्यवहार मला कधी पटला नाही.

आता वरचा मजला. समजा, एक खोली-स्वयंपाकघर-न्हाणीघर अशी दोन बिऱ्हाडे बाहेरच्या जिन्यासकट तेरा लाखांत उभी राहिली आणि प्रत्येकी सहा हजार भाडे आले. वर्षाचे एक लाख चव्वेचाळीस हजार. दोन्हीकडचा एकेक महिना रिकामा धरला तर बारा हजार गेले, देखभालीचे वीस हजार गेले. उरतात एक लाख बारा हजार, म्हणजे साडेआठ टक्क्यांच्या जवळपास. जागेची किंमत द्यावी लागली नाही, म्हणून हा आकडा जमला. पोस्टाच्या योजनेएवढेच झाले की, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. पोस्टातली मुद्दल पाच वर्षांनी परत मिळते, सिमेंटात गेलेली मिळत नाही. उलट भाडे दोन-तीन वर्षांनी वाढवता येते, व्याज मात्र ठरलेले तेवढेच. म्हणून माझे सांगणे असते, फंडातली निम्म्याहून अधिक रक्कम पोस्टात आणि बँकेत राहू द्या, उरलेल्यात बसेल तेवढेच बांधा. दोनऐवजी एकच बिऱ्हाड बांधता आले, तर एकच.

बांधण्याआधी इंजिनिअरला घर दाखवा. जुन्या गल्ल्यांतली आपली घरे दगड-मातीच्या भिंतींची आणि वर कौले असलेली. त्यांच्यावर स्लॅब चढत नाही, शेजारच्याने चढवला असला तरी नाही. महापालिकेची परवानगी आणि आराखडा आधी, गवंडी नंतर. आणि पावसाची आठवण ठेवा. बेळगावचा जुलै काय असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. वरच्या मजल्याच्या गच्चीला उतार नीट दिला नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात बिऱ्हाडकरू बादली घेऊन खाली येतो आणि दुसऱ्या पावसाळ्याच्या आत सोडून जातो.

जिना बाहेरून आणि विजेचा मीटर वेगळा, या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका. जिना आतून असेल तर रात्रपाळीहून येणाऱ्या माणसासाठी तुमचे दार उघडे ठेवावे लागते. मीटरचे कारण पूर्वीही होतेच, पण कर्नाटकात २०२३ मध्ये गृहज्योती योजना आल्यापासून ते जास्त महत्त्वाचे झाले. या योजनेत वीज मोफत मिळते ती घराच्या आधीच्या सरासरी वापरात दहा टक्के मिळवून होईल तेवढी, तीही दोनशे युनिटांच्या आत. दोनशेच्या वर गेले की त्या महिन्याचे पूर्ण बिल येते. वर-खाली एकच मीटर आणि मध्ये आपण बसवलेला छोटा सबमीटर अशी सोय असेल, तर दोन्ही घरांचा वापर एकत्र मोजला जातो आणि दोघांचीही सवलत जाते. मग उन्हाळ्यात कुणाचा कूलर जास्त चालला यावरून जिन्यात वाद. मीटर वेगळा असला की भाडेकरू त्याचा आर. आर. नंबर आणि स्वतःचे आधार देऊन आपल्या नावाने नोंदणी करू शकतो. मात्र तो घर सोडताना ही जोडणी काढून घ्यायला सांगा, नाहीतर नव्या बिऱ्हाडाला नोंदणी करताना अडचण येते. चावी परत घेण्याच्या दिवशीच हे काम उरकावे.

आता बिऱ्हाड कोणाला द्यायचे? दारावर 'मने बाडिगेगे इदे' आणि 'घर भाड्याने देणे आहे' अशा दोन्ही पाट्या लागल्या की माणसे येऊ लागतात. आपल्या शहरात भाडेकरूंची वाण नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम करणारे, वैद्यकीय आणि इंजिनिअरिंग कॉलेजांची मुले, इस्पितळांतल्या परिचारिका, बदलीवर आलेले शिक्षक आणि बँकवाले, लष्करातल्या जवानांची कुटुंबे. प्रत्येकाची रीत वेगळी. विद्यार्थी भाडे जास्त देतात, पण परीक्षा संपल्या की गावी जातात आणि सुट्टीतले भाडे देताना कुरकुरतात. शिवाय दोघे म्हणून आलेले चार कधी होतात, ते कळत नाही. बदलीवाल्यांना दोन-तीन वर्षांनी जायचेच असते, म्हणून घर अडकण्याची भीती नसते. कारखान्यातला संसारी माणूस सात-आठ वर्षेही राहतो. महिना पाचशे रुपये कमी देऊन राहणारा असा माणूस मला दरवर्षी बदलणाऱ्या चढ्या भाड्याच्या बिऱ्हाडापेक्षा परवडतो. पाचशे रुपयांप्रमाणे वर्षाचे सहा हजार, म्हणजे एका रिकाम्या महिन्याएवढेच झाले, आणि वर रंगाचा खर्च वाचला.

पुष्कळ घरांत पहिला प्रश्न असतो, आपली माणसे आहेत का? म्हणजे मराठी की कन्नड, आणि पुढचे जे लोक मोठ्याने विचारत नाहीत ते. माझ्या चोवीस वर्षांत भाडे थकवणारे दोघे निघाले. एक मराठी, एक कन्नड. एकाच्या घरात देव्हारा माझ्यापेक्षा मोठा होता. भाषेवरून आणि जातीवरून भाड्याचा अंदाज बांधता येतो, हे मला अजून दिसलेले नाही. विचारायचे ते हे: पगार कोणत्या तारखेला होतो, घरात माणसे किती, गावी कोण असते, आधीचे घर का सोडले. आणि शक्य असेल तर त्या आधीच्या घरमालकाला जाऊन भेटा. पाच मिनिटांच्या गप्पांत तो जे सांगतो, किंवा सांगायचे टाळतो, त्यावरून कळते. स्वयंपाकघरात मांस-मच्छी चालणार नसेल तर ते पहिल्याच भेटीत साधेपणाने सांगा. दोन महिन्यांनी वासावरून भांडू नका. आधार कार्डाची प्रत घ्या, भाडेकरूची माहिती आपल्या पोलीस ठाण्यात द्या. यात अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही, चांगला माणूस ती आनंदाने देतो.

सगळे जमले तरी बरेच जण शेवटच्या क्षणी माघार घेतात, आणि त्यामागे एक जुनी भीती असते. "बारा वर्षे राहिला की घर त्याचे होते म्हणे." ही भीती आपल्या भागात का मुरली आहे, ते समजून घेतले पाहिजे. कर्नाटकच्या भूसुधारणा कायद्यातील दुरुस्तीने १ मार्च १९७४ रोजी कुळांकडे असलेल्या शेतजमिनी सरकारकडे गेल्या आणि कसणाऱ्या कुळांना त्या मागता आल्या. 'उळुववने ओडेय', म्हणजे कसेल तो मालक, ही घोषणा त्या काळाची. कुणाच्या आज्जाची चार एकर गेली, कुणाच्या आज्जाला चार एकर मिळाली. काही घरांत तर आईकडून गेली आणि बापाकडून मिळाली. ते न्याय्य होते की नव्हते, हा आजचा विषय नाही. पण तेव्हापासून आपल्याकडे 'दुसऱ्याला जागा दिली की गेली' हे डोक्यात बसले ते बसलेच. घराचा भाडेकरू म्हणजे शेताचे कूळ नव्हे. तो तुमच्या परवानगीने राहतो, भाडे देतो, म्हणजे दर महिन्याला तुम्ही मालक आहात हे कबूल करतो. अशा माणसाला नुसत्या वर्षांच्या संख्येवर मालकी मिळत नाही. बारा वर्षांचा नियम मालकाच्या हक्काला उघडपणे झुगारून कब्जा करणाऱ्याबद्दल आहे. भाडे बँकेत किंवा फोनवरून जमा होत असेल, करार कागदावर असेल, तर हा प्रश्न उभाच राहत नाही.

याचीच दुसरी बहीण म्हणजे अकरा महिन्यांचा करार. अकराच महिने का, असे विचारले तर बहुतेक जण सांगतात, "म्हणजे हक्क लागत नाही." तसे काही नाही. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावा लागतो, म्हणून लोक अकरा महिन्यांवर थांबतात, एवढेच. त्यात नोंदणीचा खर्च वाचतो, संरक्षण वाढत नाही. मुदत संपल्यावर नवा कागद न करता भाडे घेत राहिलात, तर तो महिन्या-महिन्याचा भाडेकरू ठरतो, आणि करारात वेगळे लिहिले नसेल तर त्याला पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. हा नियम मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा, म्हणजे १८८२ चा. कर्नाटकचा १९९९ चा भाडे कायदा २००१ च्या अखेरीस अमलात आला खरा, पण साडेतीन हजारांवर भाडे असलेली राहती घरे त्याच्या कक्षेबाहेरच आहेत. म्हणून आजच्या बहुतेक नव्या बिऱ्हाडांचा आधार म्हणजे तो जुना १८८२ चा कायदा आणि तुमचा स्वतःचा करार. म्हणून करारात काय लिहिता, याला महत्त्व. नोटीस दोन्ही बाजूंनी एक महिन्याची ठेवा. भाडे कधी आणि किती वाढेल ते लिहा. आणि कितीही राग आला तरी पाणी तोडणे, वीज तोडणे, सामान बाहेर टाकणे असले काही करू नका. घर खाली करून घ्यायचे ते न्यायालयामार्फतच. बेकायदा बाहेर काढलेला भाडेकरू सहा महिन्यांच्या आत दावा करून परत आत येऊ शकतो.

ज्यांचे एखादे घर सीमेपलीकडे, म्हणजे चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरला आहे, त्यांनी मात्र इकडचा नियम तिकडे लावू नये. महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदाही १९९९ चाच, पण त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, मुदत अकरा महिन्यांची असली तरी. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती केली नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर घर दिले याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते आधी धरले जाते. बेळगावात टंकलेखकाकडून केलेला कागद घेऊन निपाणीपर्यंत आलात तर चालेल, कागलला चालणार नाही.

कागदाची भाषा हा आपल्या घरांचा खास प्रश्न. इथले करार बहुतेक कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत होतात. घर आज्जीच्या नावावर, आज्जीची चौथी मराठीतून झालेली, आणि सही मात्र तिची. मी असे करार पाहिले आहेत ज्यांत अनामत रकमेचा आकडा तोंडी ठरला होता त्यापेक्षा वेगळा होता, आणि सही करणाऱ्याला ते दोन वर्षांनी कळले. यावरचा उपाय घरातच असतो. सून हुबळी-धारवाडकडची असेल किंवा नातू कन्नड शाळेत जात असेल, तर त्यांनी तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावा आणि मराठीत सांगावा. भाडेकरू कन्नड आणि कागद मराठी असेल, तर उलट. शेवटी एक ओळ टाकावी, की हा करार दोन्ही पक्षांना त्यांना समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवला आहे. त्याखाली वाचणाऱ्याची साक्षीदार म्हणून सही. नातवालाही बरे वाटते, आणि 'बाडिगे' आणि भाडे हे कानाला किती सख्खे वाटतात, हेही त्याच्या लक्षात येते. फक्त साक्षीदाराचे वय अठरा झालेले असावे.

आता त्या प्रकाराबद्दल, ज्याची मला सगळ्यात काळजी वाटते. भाडे नाही, एकरकमी पैसे. कन्नडमध्ये 'भोग्य' म्हणतात, बोलताना आपण 'लीजवर दिले' म्हणतो. भाडेकरू तीन वर्षांसाठी, समजा, पाच लाख देतो, महिना भाडे काही देत नाही, आणि जाताना पाचच्या पाच लाख परत नेतो. मालकाला वाटते, फुकट पैसे मिळाले. अहो, ते कर्ज आहे. त्याच घराला महिना पाच हजार भाडे येत असेल, तर वर्षाला साठ हजारांवर तुम्ही पाणी सोडले. पाच लाखांवर साठ हजार म्हणजे बारा टक्के व्याज झाले. घर गहाण, वर बारा टक्के.

माझ्या ओळखीतल्या एका वहिनींच्या यजमानांनी खालचे घर असेच दिले होते. आलेले पैसे मुलीच्या लग्नात गेले. दीड वर्षाने यजमान गेले. मुदत संपली तेव्हा राहणारे गृहस्थ येऊन नम्रपणे म्हणाले, "अक्का, आमचे पैसे द्या, आम्ही निघतो." त्यांचे काहीच चुकले नव्हते. त्यांनीही ते पैसे बायकोचे दागिने मोडून आणले होते. वहिनींकडे पैसे नव्हते. मग त्यांना वाढीव रकमेचा नवा माणूस शोधावा लागला, पहिल्याचे पैसे दुसऱ्याने फेडले, आणि आता दुसऱ्याचे तिसऱ्याने फेडावे लागतील, हे त्यांना दिसत होते. मुलगा नोकरीला लागल्यावर त्याने दोन वर्षांत रक्कम साठवून ही साखळी तोडली आणि घर महिना भाड्यावर आणले. तेवढी साडेपाच वर्षे आपल्याच घरातला एक रुपया त्या बाईच्या हाताला लागला नाही. ज्यांना लग्न-आजारपणासाठी एकरकमी पैसा हवा आहे त्यांनी बँकेत जाऊन सोनेतारण कर्जाचा दर तरी आधी विचारावा.

अनामत रकमेचेही थोडे असेच. बेंगळूरला दहा महिन्यांचे भाडे 'अ‍ॅडव्हान्स' घ्यायची पद्धत वर्षानुवर्षे होती, तिकडून आलेले नातेवाईक आपल्यालाही तोच सल्ला देतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जो नमुना भाडे कायदा केला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण आकडा शहाणपणाचा आहे. दोन-तीन महिन्यांचे घ्या आणि ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. ती तुमची नाही. जाताना रंग आणि तुटलेल्या नळाचे पैसे कापायचे असतील तर आत येतानाच घराची यादी करून दोघांच्या सह्या घ्या: पंखे किती, दिवे किती, कडी लागते की नाही, भिंतीला आधीची ओल कुठे आहे. फोनवर फोटो काढले तर आणखी चांगले.

कराचे थोडक्यात. भाडे हे उत्पन्न आहे आणि ते ज्याच्या नावावर घर, त्याचे. सुनेच्या खात्यात जमा केले म्हणून ते सुनेचे होत नाही. भरलेली घरपट्टी वजा जाते, उरलेल्या रकमेतून तीस टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्ती केली असो वा नसो. म्हणून घरपट्टीची पावती जपा, आणि ती एप्रिलमध्ये पूर्ण भरली तर पाच टक्के सूट असते, तीही सोडू नका. घरभाडे भत्त्याची सवलत घेणारा नोकरदार वर्षाला एक लाखावर भाडे देत असेल, तर तो तुमचा पॅन मागेल. तो द्यावा लागतो, त्यात लपवण्यासारखे काही ठेवू नये.

वडगावच्या वाचकांचे घर मागमागाच्या जुन्या इमारतीवर आहे, त्यांनी आधी इंजिनिअरची भेट घ्यावी. टिळकवाडीच्या दोघांना वरचे उत्तर लागू आहे. खानापूरच्या भगिनींचे प्रकरण मात्र निराळे. त्यांच्या परसातल्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, बांधायचे काहीच नाही, मागणीही आहे. पण उताऱ्यावर अजून सासऱ्यांचे नाव आहे, आणि सासरे जाऊन नऊ वर्षे झाली. दोन दीर, एक नणंद. घर त्या सांभाळतात, घरपट्टी त्याच भरतात, पण म्हणून भाडे त्यांचे एकटीचे होत नाही. नणंदेचाही त्यात वाटा आहे. ताई, आधी सगळ्या वारसांची नावे लावून घ्या. तोवर साध्या कागदावर तिघांची लेखी संमती घ्या, की खोल्या तुम्ही भाड्याने द्याल, घरपट्टी आणि दुरुस्ती आधी वजा होईल आणि उरलेले असे असे वाटले जाईल. नणंदबाई दिवाळीला येणार असे तुम्ही लिहिले आहे. तेव्हा जेवणे झाल्यावर, सगळे एकत्र असताना, हा विषय काढा. सह्या झाल्या की मला कळवा, कराराचा मसुदा मराठी आणि कन्नड दोन्हीत करून पाठवतो.

दुकानगाळ्यांबद्दल दोघांनी विचारले आहे. त्यांचे कायदे आणि कर वेगळे, ते पुढच्या आठवड्यात.